युनिट कुठे जाते? मालकाच्या घरातली आणि भाड्याच्या घरातली वीजबचत

एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की मीटरवर एक युनिट चढते. शंभर वॉटचे उपकरण दहा तास चालले तरी तेवढेच चढते. घरातल्या वीजबचतीचे सारे गणित किती वॉट आणि किती तास या दोन प्रश्नांत मावते. तरीही बहुतेक घरांत बचतीची शिकवण दिव्याच्या बटणापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. खोलीबाहेर पडताना दिवा मालवण्याची सवय चांगलीच आहे. पण ९ वॉटचा एलईडी दिवा दहा तास विसरून राहिला, तरी युनिटाचा दहावा हिस्साही खर्च होत नाही. त्याच घरात चौघांच्या अंघोळीचे पाणी गिझरवर तापते, तेव्हा सुमारे दीड युनिट जाते. दिव्यावरून मुलांना रागावणारे घर गिझरकडे, पंख्याकडे आणि फ्रिजकडे पाहत नसेल, तर त्या शिस्तीचे फळ बिलात दिसत नाही.

वॉट आणि तास यांच्या जोडीला तिसरा प्रश्न येतो: वस्तू कोणाची आणि बिल कोणाचे? स्वतःच्या घरात राहणाऱ्याला दोन्हींचे उत्तर एकच असते. भाड्याच्या घरात पंखा मालकाचा, गिझर मालकाचा आणि बिल मात्र भाडेकरूचे, अशी विभागणी होते. म्हणून दोघांची बचतीची वाट वेगळी आहे.

बिलातले टप्पे

मुंबई शहर आणि उपनगरांच्या बऱ्याच भागात बेस्ट, अदानी आणि टाटा पॉवर वीज देतात. उरलेल्या महाराष्ट्रात ती मुख्यतः महावितरणकडून मिळते आणि गोव्यात राज्य सरकारच्या वीज खात्याकडून. महाराष्ट्रातले दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. महावितरणच्या घरगुती दरात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. पहिली शंभर युनिटे सगळ्यांना स्वस्त पडतात. त्यापुढच्या युनिटाचा वीज आकार अलीकडच्या दरपत्रकांत पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून अधिक राहिला आहे. वीज आकारावर वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क चढते. स्थिर आकार मात्र वापर कितीही असला तरी द्यावाच लागतो.

या रचनेचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. वाचवलेले युनिट नेहमी वरच्या टोकाचे, म्हणजे सर्वांत महाग युनिट असते. महिन्याला १६० युनिटे वापरणाऱ्या घराने ४० वाचवली, तर त्याची चाळीसही युनिटे दुसऱ्या टप्प्यातली वाचतात. वापर पाव हिश्श्याने घटतो आणि बिलाची रक्कम त्याहून जास्त प्रमाणात उतरते. बिलावरची रुपयांची रक्कम पाहून उसासा टाकण्यापेक्षा गेल्या बारा महिन्यांच्या युनिटांचा तक्ता पाहणे म्हणूनच अधिक उपयोगाचे. उन्हाळ्यात चढणारी युनिटे पंखा, कूलर आणि एसीकडे बोट दाखवतात, तर हिवाळ्यात चढणारी गिझरकडे. बाराही महिने सारखाच जास्त आकडा दिसला, तर फ्रिज किंवा सतत चालू राहणारे दुसरे काहीतरी तपासावे लागते.

या गणिताला घराबाहेरची बाजूही आहे. कोळशावर चालणाऱ्या केंद्रात एक युनिट तयार करायला साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. चंद्रपूर, कोराडी, परळी किंवा भुसावळहून निघालेली वीज तारांतून घरापर्यंत येताना काही प्रमाणात वाटेतच झिजते. घरात वाचलेले एक युनिट केंद्रावर एकाहून थोडे जास्त वाचवते.

मीटरच्या लाल दिव्यापाशी

कोणते उपकरण किती खाते हे कळायला वेगळे यंत्र लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा छापलेला असतो. अनेक मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. घरातले सगळे बंद करून ७५ वॉटचा एकच पंखा पूर्ण वेगाने लावला, तर असा दिवा मिनिटाला चार वेळा लुकलुकतो. त्याच जागी दोन हजार वॉटचा गिझर लावला, की तो मिनिटाला शंभराहून अधिक वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोनदा चमकतो. जिन्याखालच्या मीटरपेटीपाशी एकाने उभे राहून मोजायचे आणि दुसऱ्याने घरात एकेक बटण दाबायचे, या दहा मिनिटांत घराला स्वतःच्या विजेचा नकाशा मिळतो.

सर्व बटणे बंद केल्यावरही दिवा दीड मिनिटाला एकदा लुकलुकत असेल, तर कुठेतरी बारा-एक वॉटचे उपकरण जागे आहे असे समजावे. बहुधा तो सेट-टॉप बॉक्स असतो. मुख्य स्विच पाडूनही लुकलुक थांबली नाही, तर वायरिंगमध्ये गळती आहे, किंवा जिन्यातला दिवा वा शेजारची एखादी जोडणी आपल्या मीटरवर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि वाटण्या झालेल्या घरांत असे घोटाळे आढळतात. भाड्याच्या घरात राहायला जाताना ही तपासणी पहिल्याच दिवशी करावी आणि त्याच वेळी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवावा. आधीच्या बिलाची थकबाकी कोणाची, हा वाद मग उद्भवत नाही.

एका साध्या दोन खोल्यांच्या घराचा हिशेब असा मांडता येतो. दोन पंखे रोज बारा-बारा तास चालले, तर महिन्याला ५४ युनिटे होतात. चार जणांना रोज एकेक बादली गरम पाणी लागले, तर त्याची सुमारे ४२. फ्रिजची २१ धरावीत. टीव्ही आणि सतत चालू राहिलेला सेट-टॉप बॉक्स यांची मिळून १८. तीन एलईडी ट्यूब पाच-पाच तास जळल्या, तर ९. इस्त्री, मिक्सर आणि कपडे धुण्याचे यंत्र यांची मिळून १४. ही बेरीज १५८ होते. त्यात दिव्यांचा वाटा सतराव्या हिश्श्याच्या आसपास आहे. पंखे आणि गरम पाणी मिळून निम्म्याहून जास्त वीज घेतात.

दिवा बदलला, पंखा राहिला

दिव्यांचा वाटा इतका उतरला, तो एका मोठ्या बदलामुळे. एके काळी घरोघरी ६० वॉटचे पिवळे बल्ब होते. मग सीएफएल आले आणि त्यानंतर एलईडी. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘उजाला’ योजनेत एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने दिव्यांची एकत्रित घाऊक खरेदी केली. शेकडो रुपयांचा एलईडी दिवा दोनेक वर्षांत चाळीस रुपयांच्या आसपास खरेदी होऊ लागला, आणि देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. साठ वॉटचे काम आता ९ वॉटमध्ये होते. जुन्या जाड ट्यूबला तांब्याच्या चोकसह ५० वॉटच्या वर लागत, तिथे एलईडीची पट्टी १८ ते २० वॉटमध्ये भागवते.

पंख्यांच्या बाबतीत तसे घडले नाही. छताचा पंखा वीस-वीस वर्षे चालतो, आवाज करू लागला तरी कंडेन्सर बदलून पुन्हा फिरतो, आणि म्हणून कोणी तो काढत नाही. साधा पंखा ७० ते ८० वॉट घेतो. ब्रशरहित डीसी मोटरचा, म्हणजे बाजारात ‘बीएलडीसी’ नावाने मिळणारा पंखा तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो. फरक मोटरच्या घडणीत आहे. साध्या पंख्याची मोटर बरीच वीज उष्णतेत घालवते, म्हणून तासभर चाललेल्या जुन्या पंख्याची वाटी हाताला गरम लागते. बीएलडीसी पंख्यात कायमचुंबक आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असल्याने ही नासाडी थोडीच होते. रोज बारा तास चालणारा एक पंखा बदलला, की महिन्याला १६ युनिटे वाचतात. दुसऱ्या टप्प्याच्या दराने ही रक्कम महिन्याला दीडशे रुपयांच्या घरात जाते. नवा पंखा घ्यायचाच असेल, तर साध्या पंख्यापेक्षा जास्त मोजलेले पैसे साधारण वर्षभरात परत येतात.

रेग्युलेटरबद्दल एक गैरसमज आहे. भिंतीवरचा जुना, मोठ्या चौकोनी पेटीचा रेग्युलेटर पंखा सावकाश करतो, पण उरलेली वीज स्वतः तापून घालवतो. अशा घरात पंखा दोनवर ठेवून फारसे वाचत नाही. लहान इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवला, तर वेग कमी केल्याचा फायदा मीटरवर दिसतो. बीएलडीसी पंख्याचा वेग त्याच्या रिमोटनेच बदलायचा असतो, जुना रेग्युलेटर त्याच्या मार्गात ठेवू नये.

ऊर्जा दक्षता ब्यूरोची स्थापना २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार २००२ मध्ये झाली. त्याची तारांकनाची योजना २००६ पासून आहे, आणि पंख्यांना तारांकन २०२३ पासून सक्तीचे झाले. लेबल वाचताना ताऱ्यांबरोबर वर्षही पाहावे. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे काही वर्षांपूर्वीचा पाच तारे मिळवणारा फ्रिज वा एसी आजच्या निकषांवर तीन ताऱ्यांचाही ठरू शकतो.

गरम पाणी

घरातले सर्वांत महाग काम म्हणजे काहीतरी तापवणे. वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला भौतिकशास्त्राच्या नियमाने ०.३५ युनिट लागतेच, मग गिझर कोणताही असो. म्हणजे बचतीला दोनच जागा उरतात: पाणी कमी तापवणे आणि तापलेल्या पाण्याची उष्णता न गमावणे. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज वाहते, म्हणून बादली आणि तांब्याची अंघोळ वीज आणि पाणी दोन्ही राखते. साठवणीच्या गिझरचा थर्मोस्टॅट ५० ते ६० अंशांच्या दरम्यान पुरतो. त्याहून वर ठेवलेल्या पाण्यात पुन्हा थंड पाणी मिसळावेच लागते. गिझर दिवसभर चालू ठेवला, तर टाकीच्या भिंतींतून उष्णता झिरपत राहते आणि तो पुन्हा पुन्हा तापत राहतो. अंघोळीच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावून एकामागून एक सगळ्यांनी अंघोळ उरकणे, ही साधी सवय झिरपणारी वीज वाचवते. बोअरवेलच्या जड पाण्यात तापकावर क्षारांचा थर बसतो, तेव्हा दर एक-दोन वर्षांनी तो साफ करून घ्यावा.

स्वतःची गच्ची असेल, तर सौर बंब हा गरम पाण्याचा सर्वांत समजूतदार पर्याय आहे. शंभर लिटरचा संच छोट्या कुटुंबाच्या अंघोळींना पुरतो. तांब्याच्या नळ्यांचे सपाट संच क्षारयुक्त पाण्यात चोंदतात, म्हणून जिथे पाणी जड आहे, तिथे काचेच्या निर्वात नळ्यांचा संच अधिक टिकतो. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांत जोडीला विजेचा तापक लागतो, पण उरलेल्या आठ-नऊ महिन्यांत गिझर जवळजवळ बंदच राहतो. पुणे महापालिका सौर ऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारणासारख्या सोयी करणाऱ्यांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते.

थंडावा

फ्रिज चोवीस तास चालतो, म्हणून त्याची लहान चूकही वर्षभर मोजावी लागते. त्याची मागची व बाजूची जागा मोकळी हवी, कारण आतली उष्णता तो तिथूनच बाहेर टाकतो. भिंतीला चिकटवलेला किंवा शेगडीशेजारी ठेवलेला फ्रिज जास्त वेळ घरघरतो. दाराच्या रबराची परीक्षा कागदाने होते. दारात कागदाचा तुकडा अडकवून दार लावावे. तो सहज निसटला, तर रबर सैल झाले आहे आणि थंडावा तिथून गळतो आहे. साध्या फ्रिजमध्ये बर्फाचा थर पाच-सहा मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नये. बर्फ उष्णतेला अडवतो आणि यंत्राला जास्त राबवतो. गरम वरणाचे पातेले थेट आत ठेवले, तर ते थंड करण्याची वीज फ्रिजला पुरवावी लागते. वाऱ्यावर ठेवले, तर तेच काम फुकट होते.

एसीचा ‘टन’ हा वजनाचा टन नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी खोलीतून बाहेर काढण्याची ती क्षमता आहे. एसीचे तापमान एका अंशाने वर ठेवले, की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. जानेवारी २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, ते याच कारणाने. घरात शिरताच १८ अंश लावल्याने खोली लवकर थंड होत नाही. यंत्र फक्त अधिक काळ जोरात चालत राहते. २६ अंशांवर एसी आणि सोबत सावकाश पंखा ही जोडी अंगाला तेवढाच गारवा देते. जाळी पंधरवड्याला धुणे, बाहेरच्या युनिटवर सावली असणे आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा असणे, या तीन गोष्टींवर उरलेला फरक अवलंबून आहे.

विदर्भात आणि मराठवाड्यात कूलर एसीच्या आधीपासून आहे आणि योग्य जागी तो एसीपेक्षा शहाणा आहे. एक लिटर पाणी वाफ होताना पाऊण युनिटाच्या जवळपास उष्णता हवेतून ओढून घेते. ओल्या वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून येणारा वारा नागपूरच्या मे महिन्यात म्हणूनच गार लागतो. त्यासाठी दीडशे-दोनशे वॉटचा पंखा आणि छोटा पंप पुरतो. मात्र हवा कोरडी हवी आणि खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीतच दमटपणा साचतो. मुंबई, कोकण आणि गोव्याची हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने तिथे कूलरचा उपयोग होत नाही.

ज्यांच्या डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब किंवा पत्रा आहे, त्यांची लढाई छताशी असते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता आत सोडतो आणि पंखा गरमच हवा फिरवतो. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात किंवा उष्णता परावर्तित करणारा रंग दिला, तर ऊन शोषले जाण्याऐवजी परतते आणि आतले तापमान काही अंशांनी उतरते. अहमदाबादने २०१७ मध्ये वस्त्यांत अशा पांढऱ्या छतांचा उपक्रम हाती घेतला, आणि तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी राज्याचे धोरण केले. जुन्या घरांची कौले, पुढे काढलेली पडवी, जाड मातीच्या भिंती आणि पश्चिमेचा कडुनिंब हेच काम विजेविना करत होते. नवे घर बांधणाऱ्याने छज्जे, झाडे आणि समोरासमोरच्या खिडक्या यांवर केलेला खर्च पुढची तीस वर्षे बिलातून परत येतो.

झोपलेली उपकरणे

रिमोटने बंद केलेला टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स पूर्ण बंद झालेले नसतात. अनेक सेट-टॉप बॉक्स पडद्यावर काही नसतानाही जवळजवळ तेवढीच वीज घेत राहतात. फक्त १० वॉट सतत लागले, तरी वर्षाला ८७ युनिटे होतात. टीव्ही, बॉक्स आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेऊन रात्री भिंतीवरचे बटण बंद करणे हा यावरचा उपाय आहे, आणि तो भाडेकरूही कोणाला न विचारता करू शकतो. मोबाइलचा रिकामा चार्जर मात्र इतका थोडा खातो, की त्यावरून घरात वाद घालण्यात अर्थ नाही.

शेगडीची आच

ऊर्जेचा दुसरा मोठा खर्च स्वयंपाकघरात आहे. १४.२ किलोचे सिलिंडर किती दिवस पुरते, हे शेगडीपेक्षा हाताच्या सवयींवर जास्त ठरते. पाण्याला एकदा उकळी आली की आच कितीही वाढवली, तरी त्याचे तापमान शंभर अंशांपलीकडे जात नाही. जास्तीच्या आचेने फक्त वाफ वाढते. म्हणून उकळीनंतर मंद आच आणि वर झाकण, हा नियम शास्त्रानेही बरोबर आहे. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांपर्यंत तापते, त्यामुळे डाळ उघड्या पातेल्यापेक्षा कितीतरी लवकर शिजते. पहिल्या शिटीनंतर आच बारीक केली तरी तेच तापमान टिकते. एका कुकरात खाली वरण, मध्ये भात आणि वर बटाटे, अशी जी तीन भांड्यांची उतरंड मराठी घरांत रोज लागते, ती गॅसबचतीचा उत्तम नमुना आहे. हरभरा, राजमा, छोले रात्रभर भिजवले, तर शिजायला निम्म्याच्या आसपास वेळ पुरतो.

ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली, की बाहेरचा गॅस हवा तापवण्यात जातो. ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली किंवा भांड्याचे बूड काळे होऊ लागले, तर बर्नरची भोके तुंबली आहेत, ती साफ करून घ्यावीत. फ्रिजमधले दूध किंवा भिजवलेले पीठ थोडा वेळ आधी बाहेर काढून ठेवल्यानेही आच वाचते. इंधनबचतीच्या या सवयी लोकांपर्यंत पोहोचवण्याचे काम पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ ही केंद्रीय संस्था १९७८ पासून करत आहे.

मालक आणि भाडेकरू

यापुढचा प्रश्न पैशांचा आणि हक्कांचा आहे. घरमालकाने भाड्याच्या घरात चांगला पंखा लावला, तर पैसे त्याचे जातात आणि वीजबिल भाडेकरूचे उतरते. भाडेकरूने लावला, तर अकरा महिन्यांनी तो घर सोडणार असतो. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त असते, आणि म्हणून वीस वर्षांचा पंखा तसाच फिरत राहतो. बिल भाड्यातच धरलेल्या पीजी आणि कॉट बेसिसच्या खोल्यांत उलटी अडचण असते. वापर वाढला तरी राहणाऱ्याला त्याची झळ लागत नाही, त्यामुळे एसी खिडकी उघडी ठेवूनही चालतो.

या कोंडीतून वाट काढायला एक साधी कसोटी पुरते. जे टेम्पोत चढते, ते भाडेकरूने घ्यावे. जे भिंतीत राहते, ते मालकाने. एलईडी दिवे, बीएलडीसी पंखा, चांगला कुकर, बटणांचा एक्स्टेन्शन बोर्ड, जाड पडदे आणि छोटा फ्रिज भाडेकरूच्या सोबत पुढच्या घरी जातात. पंखा बदलताना मालकाचा जुना पंखा माळ्यावर नीट बांधून ठेवावा आणि घर सोडताना तोच परत टांगावा. पंख्याचे पैसे वीजबिलातून वसूल व्हायला दीड-दोन वर्षे लागली, तरी पंखा दुसऱ्या घरात तेच काम पुढे चालू ठेवतो. गिझर, वायरिंग, गच्चीचा रंग, खिडकीवरचा छज्जा आणि सौर बंब ही मालकाची कामे आहेत. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर रिकामे असते आणि रंगकाम निघते, ते आठवडे त्यांसाठी सर्वांत सोयीचे. कमी बिलाचे घर लवकर भाड्याने जाते, हे मालकाच्याही हिताचे आहे.

महाराष्ट्रात भाडेनियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्यात घरातल्या वस्तूंची यादी जोडतातच. त्याच यादीत गिझर आणि एसीचे तारांकन, वर्ष आणि सुरुवातीचे मीटर वाचन लिहिले, एसीची दुरुस्ती कोणी करायची हे ठरवले आणि जुनाट उपकरण बदलल्यास खर्च कसा वाटायचा हे नोंदवले, तर पुढचे बरेच वाद टळतात. एका मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडे असतील, तर प्रत्येकाचे उपमीटर असणे न्यायाचे. माणशी समान वाटणीत काटकसर करणारा उधळणाऱ्याचे बिल भरतो.

गच्ची आणि सोसायटी

सदनिकाधारकाचे बिल त्याच्या दारात संपत नाही. जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पाण्याचे पंप यांची वीज सोसायटीच्या सामाईक मीटरवर पडते आणि देखभाल खर्चातून प्रत्येकाकडे येते. हजार लिटर पाणी दहा मजली इमारतीच्या टाकीत चढवायला साधारण ०.२ युनिट लागते. शंभर सदनिकांना रोज पन्नास हजार लिटर पाणी चढवणारी सोसायटी फक्त त्यासाठी रोज दहा युनिटे खर्च करते. टाकी भरून वाहू लागली, की पाण्याबरोबर हीही वीज गटारात जाते. टाकीला आपोआप बंद होणारा स्विच आणि जिन्यात हालचालीने लागणारे दिवे, हे खर्च कोणत्याही सोसायटीला लवकर भरून मिळतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घराच्या छतावर सौर संच बसवण्यासाठी केंद्राचे अनुदान मिळते. ते पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार रुपये असून, तीन किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८ हजार रुपयांपर्यंत आहे. सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये मिळतात. एक किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट सावलीविना जागा लागते आणि त्यातून महिन्याला शंभर ते सव्वाशे युनिटे मिळतात. भाडेकरूला हा मार्ग सहसा बंद असतो, कारण गच्ची त्याची नसते. दुसरी एक सोय मात्र त्यालाही खुली आहे. महाराष्ट्रात २०२५ पासून टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वापराची वेळ नोंदवणारे) मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वेळेतल्या वापरावर सवलत मिळते. कपडे धुणे, इस्त्री आणि पाणी भरणे दुपारी उरकले, की सूर्याची वीज मुबलक असते तेव्हाच ती वापरली जाते.

वाचलेले पुन्हा खर्च होते तेव्हा

इंग्लंडच्या कोळशाचा अभ्यास करताना विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये दाखवले, की यंत्रे काटकसरी झाली म्हणजे कोळसा कमी जळतोच असे नाही. काम स्वस्त झाले की ते जास्त केले जाते. घरातही तसेच घडते. नवा पाच ताऱ्यांचा फ्रिज स्वयंपाकघरात येतो आणि जुना पाण्याच्या बाटल्यांसाठी गॅलरीत चालूच राहतो. एलईडी आले म्हणून छताच्या पीओपीत वीस-वीस दिवे बसतात. इन्व्हर्टर एसी आहे म्हणून तो मार्चपासूनच लागतो. उपकरण बदलणे हे निम्मे काम आहे. जुने खरोखर बंद झाले का आणि तास वाढले तर नाहीत ना, हे पाहणे उरलेले निम्मे.

वर मांडलेल्या १५८ युनिटांच्या घरात दोन पंखे बदलले, तर ३२ युनिटे उतरतात. टीव्हीचा बोर्ड रात्री आणि कामाच्या वेळेत बंद राहिला, तर सहा. गिझर दिवसभर लावून न ठेवता पाणी बेताने वापरले, तर आणखी आठ-दहा. आकडा एकशे दहाच्या आसपास येतो, आणि महाग टप्प्यात जेमतेम दहा युनिटे उरतात. या तिन्हींतले एकही काम करायला भिंत फोडावी लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही, म्हणून ते भाड्याच्या घरातही होते. मालकाच्या घरात त्यावर सौर बंबाची भर घातली, तर गरम पाण्याची युनिटेही बरेच महिने मीटरवरून नाहीशी होतात आणि ते घर शंभराच्या खूप आत येते.